चुन्याखालची ओल

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की आधी काहीच होत नाही. खडे नुसते ओले होऊन पडून राहतात. मग आतून कुठून तरी खदखद सुरू होते, पिंप हात लावता येणार नाही इतकं तापतं, आणि नाकात चढणारा एक कोरडा वास निंबाच्या झाडाखालून थेट आमच्या दारापर्यंत येतो. परवा सकाळी मी नोट्स घेऊन ओट्यावर बसले होते, परीक्षेचं वाचत होते असं म्हणू या, आणि तो वास आला. दसरा जवळ आल्याचं मला दरवर्षी या वासानंच कळतं. डोकं वर करून पाहिलं तर गुंफाकाकू लुगड्याचा पदर नाकाला बांधून काठीनं पिंप ढवळत होती. मला पाहून तिनं काठी उंच करून दाखवली. म्हणजे, वाचून झालं असंल तर ये.

मला एकदम हलकं वाटलं. काकू दिसली म्हणून इतकं हलकं वाटावं, याचं कारण दोन वर्षांपूर्वीच्या याच दिवसांत आहे. ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आम्ही राहतो ती वर्ध्यातली वसाहत एका जुन्या ट्रस्टची आहे. कष्ट करून खाणाऱ्या कुटुंबांना कमी भाड्यात राहता यावं म्हणून कुणा भल्या माणसांनी फार पूर्वी या खोल्या बांधल्या. एका रांगेत घरं, वर कवेलूंचं छप्पर, पुढे ओटा, आत एक खोली आणि तिच्या मागे स्वयंपाकाची. माझे आईबाबा आष्टीकडून इथे आले तेव्हा मी चालायलाही लागले नव्हते. बाबा पवनारच्या बाजूला एक वावर ठेक्यानं करतात. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात वालाच्या शेंगा. आई ते बाजारात विकते. रांगेतल्या बहुतेकांचं असंच आहे. गुंफाकाकू शेवटच्या खोलीत एकटी राहते. काका गेले तेव्हा ती तरुण होती. तिचं दुकान म्हणजे बाजारात आईच्या शेजारी अंथरलेलं एक पोतं आणि त्यावर सांभाराच्या जुड्या. गिऱ्हाइकानं भाव पाडायला सुरुवात केली की ती आईकडे बोट दाखवते, 'तिच्याकडं स्वस्त हाय', आणि आई काकूकडे दाखवते. गिऱ्हाईक दमून दोघींकडूनही घेतं.

खोल्या चांगल्या आहेत, पण मागून नाली वाहते. तिचं पाणी जमिनीतून भिंतीत चढतं. पावसाळा संपता संपता मागच्या भिंती गुडघ्यापर्यंत काळ्या पडतात, पोपडे सुटतात, लोणा लागतो. लोणा म्हणजे भिंतीतून फुलून येणारं मीठच. लहानपणी मी ते बोटानं काढून चाटून पाहिलं होतं. शाळेची पुस्तकं त्या भिंतीजवळ ठेवायची नाहीत, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

आणि म्हणून दसऱ्याआधी चुना. सगळी रांग मिळून एकच पिंप भिजवते. त्यात नीळ पडते, डिंक पडतो, आणि मग बाया पाळीपाळीनं एकेकीचं घर रंगवतात. आज आमचं, उद्या तुमचं. कुंचा मात्र गुंफाकाकूचा. तिच्या हाताचे ओघळ कधी दिसत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळत जाते तशी पांढरी होत जाते. आधी राखाडी, मग दुधाळ, मग डोळ्यांना त्रास होईल इतकी लख्ख. बोटं फाटतात, संध्याकाळी सगळ्या जणी ओट्यावर बसून हातांना खोबरेल चोळतात. जंक्शनकडून गाडीची शिटी येते. कुणी तरी म्हणतं, यंदा भिंती गोऱ्या झाल्या, आता आपल्यालेच लावून घ्या. महिना दीड महिना भिंत गप्प बसते. थंडी पडली की ओल पुन्हा वर येते. पण तोवर दसरा, दिवाळी, पाहुणेरावळे, सगळं होऊन गेलेलं असतं.

त्या वर्षी चुना भिजला आणि त्याच आठवड्यात ट्रस्टच्या ऑफिसची नोटीस आली. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या रांगेतून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे वीजबिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. अर्धं मलाही कळत नाही, पण तसं म्हणायची सोय नसते. निंबाखाली सगळे जमले आणि मी नोटीस वाचली. भाडी खूप वर्षांत वाढली नाहीत, ती आता वाढणार. किती, ते प्रत्येक खोलीच्या अवस्थेवरून ठरेल. त्यासाठी साहेब येऊन प्रत्येक घर आतून पाहतील.

मी सगळं वाचलं होतं. अवस्था, वर्गवारी, सगळं. पण रांगेनं त्यातलं एवढंच ऐकलं, की साहेब घरी येणार. आणि खरं सांगायचं तर मीही तेवढंच ऐकलं. गुंफाकाकू म्हणाली, "घर चांगलं ठेवलेलं दिसलं तं साहेबालेई वाटंन, मानसं चांगली हायेत. चांगल्या मानसाईचं भाडं कोन वाढवते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आज हसू येतं, पण तेव्हा ते इतकं बरोबर वाटलं होतं. आमच्या आयुष्यात तोवर कुणी चांगलं दिसल्याबद्दल दंड भरला नव्हता.

मग जे सुरू झालं ते दिवाळीलाही होत नाही. चुन्याचा एक हात पुरेसा असताना दोन दिले. जिथे ओल चुन्यालाही ऐकेना, तिथे काकूनं आपली ठेवणीतली साडी पडद्यासारखी लावली. आमच्याकडे आईनं लोणा लागलेल्या भिंतीपुढे कपाटच सरकवलं. ओटे सारवले, रांगोळ्या निघाल्या. चहाच्या कपांचा एकच चांगला सेट रांगेत होता, निळ्या फुलांचा, आईच्या लग्नातल्या आहेरातला. आणि हातांची प्लास्टिकची खुर्ची एकच होती, तीही आमचीच. ठरलं असं, की साहेब एका घरातून पुढच्या दारानं निघाले की कप आणि खुर्ची मागच्या दारानं पुढच्या घरात जातील. कप विसळायचं काम माझ्याकडे होतं. मी त्या दिवशी मागच्या नालीच्या कडेनं इतकी धावले की चप्पल तुटली.

साहेब म्हणजे एक तरुण माणूस होता, चष्मेवाला, बोलायला फार सौम्य. हातात मोजायचा टेप, मोबाईलवर फोटो. प्रत्येक घरात त्याला नाही नाही म्हणत चहा घ्यावा लागला. आमच्या घरी तो कपाकडे जरा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "इथे सगळ्यांकडे एकाच पद्धतीचे कप दिसतात." आई अजिबात न गडबडता म्हणाली, सगळ्यांनी मिळूनच आणले होते, स्वस्त पडले. गुंफाकाकूकडे त्यानं पडद्याच्या साडीचं कौतुक केलं. काकू दिवसभर ते सांगत होती.

दिवाळी झाल्यावर दुसरा कागद आला. आमची सगळी रांग 'उत्तम' वर्गात होती. भाडं दुपटीहून जास्त होणार होतं.

कुणी ओरडलं नाही. बाबांनी दोनदा वाचायला लावलं, मग वांग्यांचं पोतं सायकलवर बांधून ते निघून गेले. आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, निभावू. तिच्या निभावू म्हणण्यात माझं कॉलेज बसतं की नाही, ते मी विचारलं नाही. पण आमच्याकडे निदान कमावणारी दोन माणसं होती. काकूकडे एक पोतं आणि सांभाराच्या जुड्या. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले तर तिनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली होती. त्यावर वर्षानुवर्षांचे चुन्याचे थेंब होते. ती ओल्या फडक्यानं ते पुसत होती.

समुद्रपूरकडे एका खेड्यात तिचे दीर राहतात, तिकडेच ती परत निघाली होती. माणसं वाईट नाहीत. काका गेल्यावर ती काही वर्षं त्यांच्याकडे होती, मग स्वतःहून निघून इथे आली. ते का, हे तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. पेटी पुसता पुसता, मान वर न करता.

"खायले कमी नोतं व पोरी. पन कोनी आलं तं मी त्याले च्या मांडू शकत नोती. जावेले विचारा लागे. आपल्या घरी आलेल्या मानसाले आपल्या मनानं च्या पाजता येत नसंल, तं थे घर आपलं नाई."

पुस्तकात हक्क हा शब्द आम्ही खूपदा वाचला आहे. परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. मला तो त्या दिवशी पत्र्याच्या पेटीशेजारी बसून कळला, असं म्हटलं तर मोठं बोलल्यासारखं होईल. पण ट्रस्टच्या ऑफिसात जायचं मी तिथेच बसून ठरवलं, एवढं खरं.

ट्रस्टच्या ऑफिसात मी एकटीच गेले. बाबा येतो म्हणाले होते, पण वावरात पाण्याची पाळी होती. बाकावर बसून मी मनात वाक्यं जुळवत होते, आणि माझा नंबर आला तेव्हा एकही आठवलं नाही. आतल्या बाईंना मी एवढंच म्हणू शकले, की मॅडम, भिंती ओल्या आहेत. त्यांनी फाईलमधले फोटो दाखवले. आमच्याच भिंती, दुधासारख्या. मला अभिमान वाटला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. मी त्यांना चुन्याचं सांगितलं, साडीचं सांगितलं, कपांचंही सांगितलं. कप आणि खुर्ची मागच्या दारानं फिरल्याचं ऐकून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक पाहू लागले. मग चष्मा पुसत म्हणाल्या, पुन्हा पाहणी मागता येते. सगळ्यांच्या सह्यांनी लिहून दे. पण या वेळी खरं दाखवा.

खरं दाखवा. सोपं वाटतं. मी आनंदात घरी आले आणि निंबाखाली सांगितलं, तर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सह्या आणि अंगठे सगळ्यांनी दिले, पण खरं दाखवायला कुणी पुढे येईना. चुना खरवडायचा, पडदे काढायचे, लोणा फुललेली भिंत परक्या माणसाला दाखवायची. बाबांना ते पटलं. आईनं दोन दिवस घेतले. मग एका सकाळी ती कपाटाला खांदा लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, धर तिकडून.

मी आईला दोष देऊ शकत नव्हते. स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना मीही हेच करते. उत्पन्नाचा दाखला फाईलमध्ये सगळ्यात खाली ठेवते, आणि त्या दिवशी मुद्दाम इस्त्रीचा ड्रेस घालते. गरज आहे हे सिद्ध करायचं, आणि ते करताना गरजू दिसायचं नाही. यात चूक काय आणि बरोबर काय, मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

गुंफाकाकूनं तर साफ नाही म्हटलं. "दसऱ्याचा चुना मी खरवडनार नाई. माह्या हातचा हाय." मी समजावलं. एक भिंत, नाही तर हातभर जागा. ती म्हणाली, पाहुण्याले कोनी आपला फाटका पदर दाखवते काय? पेटी भिंतीशी तशीच उभी होती. मला राग आला होता. जिच्यासाठी मी एवढं करत होते, तीच ऐकत नव्हती. आईनं मला हळूच बाहेर ओढलं आणि म्हणाली, तिचं तिले पाहू दे.

साहेब आला तेव्हा थंडी पडली होती. बाजारात वालाच्या शेंगा येऊ लागल्या होत्या, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायची. तोच तरुण माणूस होता, जरा अवघडलेला. आमच्या घरी कपाटामागची भिंत पाहून त्यानं फोटो काढला. बाकीच्या घरांतही कुठे पडदा सरकला, कुठे खाट. शेवटी काकूचं दार. मी मागोमाग गेले.

आत सगळं पहिल्यासारखंच लख्ख. साडी जागेवर, चुना शाबूत. पण मग पाहिलं, की खुर्ची कुठे नाही. आमच्याकडून काकूनं ती मागितलीच नव्हती. निळ्या फुलांचे कपही नाहीत. ती त्याला पुढच्या खोलीत बसवत नव्हती, सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे चुलीशेजारी, मागच्या भिंतीला लागून, सतरंजी अंथरली होती. रोज आई आणि मी तिच्याकडे बसतो तिथेच. आणि स्टीलच्या पेल्यात चहा.

"बसा भाऊ," ती म्हणाली. साहेब नाही, भाऊ. "मांगच्या खेपेले तुमी पाहुने होते. आता दुसऱ्यांदा आले, म्हंजे घरचे झाले. टेका आरामात."

तो संकोचून बसला आणि टेकला. पेला गरम होता, त्यामुळे सावकाश प्यावा लागत होता. काकूनं त्याला गाव विचारलं, आई कशी आहे विचारलं, लग्न झालं की नाही तेही विचारलं. नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "हिच्याकडं पाहू नोका, हे अजून शिकून राह्यली." मला जमिनीत जावंसं वाटलं. तो हसला. आणि हसता हसता थांबला. त्यानं पाठ थोडी पुढे घेतली, हात मागे नेऊन चाचपलं, मग वळून भिंतीकडे पाहिलं. पांढरीशुभ्र भिंत. त्यानं तळवा तिच्यावर दाबून धरला. काढला तेव्हा तळव्यावर ओला चुना होता आणि भिंतीवर तळव्याएवढी काळी जागा. त्याच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर कमरेपासून वर मोठा ओला पांढरा डाग होता.

"काकू, हे किती वर्षांपासून असं आहे?"

"मी आली तवापासून. मांगच्या खेपेले तुमी पाहुने होते, म्हनून सांगतलं नाई."

त्यानं फोटो काढले, भिंतीला टेप लावून ओल कुठवर चढली ते मोजलं. साडी काकूनं स्वतःच बाजूला केली. निघताना तिनं त्याच्या पाठीवरचा चुना पदरानं झटकला, निघाला नाही. तो तसाच गेला, गल्लीतून, पाठीवर आमची भिंत घेऊन. तो वळणापलीकडे जाईपर्यंत रांगेतलं कुणी हसलं नाही. मग आई ओट्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.

तिनं ते ठरवून केलं होतं का, मी काकूला अनेकदा विचारलं. ती म्हणते, ठरवाचं काय त्यात, थंडीत मानूस चुलीपाशी बसते.

महिन्याभरानं निर्णय आला. आमची रांग 'दुरुस्तीची' ठरली. आधी भिंतींचं काम होईल, मग भाडं वाढेल, आणि तेही थोडं. म्हणजे आम्ही काही जिंकलो असं नाही, वाढ झालीच. पण ती आईच्या निभावूमध्ये बसणारी होती. मी निंबाखाली वाचून दाखवलं, दोनदा. गुंफाकाकू ऐकून घेऊन घरात गेली. थोड्या वेळानं आतून पत्रा घासल्याचा आवाज आला. मी धावत गेले. ती स्टुलावर चढून पेटी परत माळ्यावर ढकलत होती. मला पाहून म्हणाली, धरतं का नुसती पाहतं? मी धरली. पेटी वर गेली. आम्ही दोघीही जरा वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिलो, आणि मग तिनं न विचारता चहा मांडला.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री आले. नाली पक्की झाली, मागच्या भिंती खालून गुडघाभर सिमेंटच्या झाल्या. त्या सिमेंटवर चुना नीट बसत नाही, अशी काकूची तक्रार आहे. ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन सांग म्हणते. मी म्हणते, सांगते.

आता माझं शेवटचं वर्ष आहे. ऑफिसातल्या त्या मॅडमनी मधे निरोप पाठवला होता, दुसऱ्या एका वसाहतीतही अशीच पाहणी होणार आहे, तिथल्या बायांशी जरा बोलशील का. मी गेले. मला भाषण जमत नाही. मी त्यांना फक्त कपांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, आणि मग एकीनं हळूच विचारलं, आमीबी दिवाळीचा रंग लावून ठेवलाय, आता काय करू? तेव्हा मला जे सांगता आलं ते काकूकडूनच आलेलं होतं. रंग राहू द्या, पण त्यांना आतल्या घरात बसवा.

आज दुपारी मी पुस्तकं ठेवून काकूकडे गेले. तिची मागची भिंत नुकतीच रंगवून झाली होती, कालची, वाळलेली. ती चुलीशी चहा गाळत होती. मी सतरंजीवर बसले आणि सवयीनं टेकले.

"पाठ पांढरी होईन व," ती म्हणाली.

मी ओढणी पुढे ओढून पाहिली. पांढरी झाली होती. पण कोरडी होती.